दरडींच्या नकाशात आमची जमीन ‘मध्यम’ पट्ट्यात दिसते. तेथे घर बांधावे का?

सुदामानगरकर (इंदूर)

नमस्कार. आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून इंदूरला आहे. परंतु रायगड जिल्ह्यातील पोलादपूर तालुक्यात, सावित्रीच्या खोऱ्यात, आजोबांच्या वाट्याची अठरा गुंठे जमीन अजून आमच्या नावावर आहे. गावाकडे राहणारा माझा चुलत पुतण्या तेथे पर्यटकांसाठी चार खोल्यांचे होमस्टे बांधू इच्छितो आणि त्यासाठी लागणारा बहुतेक पैसा मी घालावा, असे ठरत आले आहे. जमीन डोंगराच्या साधारण मध्यावर असून तिचा उतार खालच्या ओढ्याकडे आहे. गाडी दारापर्यंत यावी म्हणून मागचा डोंगर थोडा कापायचा आणि निघालेल्या माती-मुरुमाने पुढची बाजू भरून अंगण सपाट करायचे, असा त्याचा बेत आहे.

जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळीये आणि आमच्याच तालुक्यातील केवनाळे येथे दरडी कोसळून जे घडले, ते ऐकल्यापासून मन धजत नाही. म्हणून मी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावर जाऊन भूस्खलन संवेदनशीलतेचा नकाशा पाहिला. त्यात उच्च, मध्यम आणि अल्प असे तीन वर्ग आहेत. आमची जमीन मध्यम वर्गात दिसते, मात्र तिच्या वरच्या अंगाला शे-दीडशे मीटरवर उच्च वर्गाचा पट्टा सुरू होतो. पुतण्याच्या मते ‘मध्यम’ म्हणजे हरकत नाही. मला ते पटत नाही, पण त्याला देण्यासारखे उत्तरही माझ्याजवळ नाही.

इंदुरात प्लॉट घेताना आपण रजिस्ट्री, डायव्हर्शन (शेतजमिनीचा वापर बदलल्याची नोंद) आणि नगर तथा ग्राम निवेश, म्हणजे नगररचना खात्याची मंजुरी पाहतो आणि निश्चिंत होतो. डोंगरावरच्या जमिनीच्या बाबतीत हा नकाशा अशा मंजुरीच्या जागी धरता येतो का, तो तयार कसा होतो आणि ‘मध्यम’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

खडकवाचक (इंदूर)

सुदामानगरकर साहेब, नोकरीची बरीच वर्षे मी अशाच नकाशांच्या कामात काढली आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपण पाहिलेला नकाशा राष्ट्रीय भूस्खलन संवेदनशीलता मानचित्रण कार्यक्रमातील आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तो २०१४-१५ मध्ये हाती घेतला आणि देशातील चार लाख चौरस किलोमीटरहून अधिक डोंगराळ प्रदेश त्यात १:५०,००० या प्रमाणावर आणला. प्रमाणाचा आकडा बहुतेक जण वाचून सोडून देतात, पण सगळी गोम तेथेच आहे. या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. आपली अठरा गुंठे जमीन चौकोनी धरली, तर तिची एक बाजू साधारण त्रेचाळीस मीटर भरते. म्हणजे त्या नकाशावर आपली अख्खी जमीन बोथट पेन्सिलीने टेकवलेल्या ठिपक्याएवढी आहे. संगणकावर तो नकाशा हवा तेवढा मोठा करता येतो आणि आपल्या बांधापर्यंत रंग दिसल्याचा भास होतो, पण मोठे होते ते केवळ चित्र. मूळ माहिती तेवढीच राहते. उच्च आणि मध्यम यांच्यामधली रेघ जमिनीवर कोठे पडते, हे पन्नास-शंभर मीटरच्या फरकाने कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

आता तो तयार कसा होतो ते पाहू. पहिले काम जुन्या दरडींची नोंद करण्याचे असते. उपग्रह चित्रांवरून आणि प्रत्यक्ष फिरून पूर्वी कोठे काय घसरले, त्याची यादी केली जाते. मग उतार किती, तो कोणत्या दिशेचा, खालचा खडक कोणता, त्यावर मातीचा आणि डबराचा थर किती जाड, खडकातील सांधे कोणीकडे झुकलेले, वर जंगल आहे की शेती, असे घटक एकेका थरासारखे मांडून जुन्या दरडी त्यांपैकी कोणाच्या संगतीने जास्त आढळतात, याचा हिशेब केला जातो आणि त्यातून प्रत्येक घटकाचे वजन ठरते. याहून जुनी पद्धत भारतीय मानक ब्युरोने १९९८ मध्ये प्रमाणित केली होती. तिच्यात सहा घटकांना मिळून दहा गुण असतात: खडक, संरचना (खडकाचे थर व सांधे यांची ठेवण), उतार आणि जमिनीचा वापर यांना प्रत्येकी दोन, तर सापेक्ष उंची (उताराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा फरक) आणि भूजलाची स्थिती यांना प्रत्येकी एक. बेरीज साडेसातच्या वर गेली की क्षेत्र अतिउच्च धोक्याचे धरतात. मला व्यक्तिशः ही पद्धत विद्यार्थ्यांना शिकवायला फार सोयीची वाटत आली आहे, परंतु भूजलाला दहापैकी एकच गुण पाहून सह्याद्रीत काम केलेला माणूस थोडा अस्वस्थ होतो.

‘मध्यम’चा अर्थ त्यावरूनच ध्यानात यावा. आपल्या जमिनीसारखी लक्षणे असलेल्या भागात पूर्वी काही दरडी आढळल्या, पण वरच्या पट्ट्याइतक्या नाहीत, एवढेच तो शब्द सांगतो. दरड केव्हा कोसळेल, किती मोठी असेल आणि कोठवर पोहोचेल, ही माहिती संवेदनशीलतेच्या नकाशात नसते. ती मिळवून जोडली तर तो धोक्याचा नकाशा होतो, आणि वाटेत किती घरे व माणसे आहेत याचीही भर घातली तर जोखमीचा. बोलताना आपण हे तिन्ही शब्द सरमिसळ वापरतो आणि घोटाळा तेथेच होतो.

यातील ‘कोठवर पोहोचेल’ हा मुद्दा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये जो कडा सुटला, तो समुद्रसपाटीपासून सुमारे १,५५० मीटर उंचीवर होता; तेथून निघालेला दगड, चिखल आणि झाडांचा लोंढा ओढ्याच्या वाटेने सुमारे आठ किलोमीटर वाहत गेला आणि वाटेत त्याने मुंडक्काई व चुरलमला येथील वस्त्या नेल्या. ज्यांची घरे गेली, त्यांपैकी अनेकांच्या पायाखालची जमीन स्वतःहून सरकलेली नव्हती. म्हणून आपली जमीन मध्यम आहे यापेक्षा तिच्या वर उच्च पट्टा आहे आणि खाली ओढा आहे, ही नोंद मी ठळक अक्षरांत करून ठेवीन. १:१०,००० किंवा १:५,००० प्रमाणाचा तपशीलवार नकाशा असल्याशिवाय आणि अभियांत्रिकी भूवैज्ञानिकाने जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय या पैशांचा निर्णय करू नये, असे माझे मत आहे.

महूचा कंत्राटदार

वरील उत्तर शास्त्राच्या बाजूने पूर्ण आहे. मी घाटरस्त्यांची कामे केलेला माणूस आहे, तेव्हा पुतण्याच्या बेताविषयी लिहितो. नकाशात अल्प वर्ग असता तरी तो बेत मला धोक्याचाच वाटला असता.

मागचा डोंगर कापायचा आणि निघालेला माल पुढे लोटायचा, यात खर्च वाचतो, पण दोन्हीकडून नुकसान होते. मागच्या उताराला ज्याचा टेकू होता, तो पायथाच आपण काढून घेतो; आणि पुढे जो भराव टाकतो तो न दाबता, मूळ गवत-माती न खरवडता टाकलेला असल्यामुळे उतारावर नुसता बसलेला असतो. घराचा अर्धा पाया कापलेल्या पक्क्या जमिनीवर आणि अर्धा भरावावर आला की पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला तिरकी भेग पडते. लोक ती सिमेंटने लिंपतात आणि रंग देतात.

खरा शत्रू मात्र पाणी. मुरलेले पाणी मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत भरते, त्याचा दाब वाढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. उतार तोच, माती तीच, पण आतापर्यंत धरून राहिलेला डोंगर सुटतो. आपण इंदूरकरांना या पावसाचा अंदाज येत नाही. २२ ते २३ जुलै २०२१ या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. इंदूरला वर्षभरात पडतो त्याच्या निम्म्याहून अधिक पाऊस एका दिवसात. पोलादपूर त्या डोंगराच्या पायथ्याशी आहे.

तेव्हा बांधायचेच ठरले, तर वरच्या बाजूने येणारे पाणी घराच्या मागे पोहोचण्याआधीच पक्क्या गटारातून बाजूला काढून ओढ्यापर्यंत न्यावे लागेल आणि ते गटार दर मे महिन्यात साफ करावे लागेल. संरक्षक भिंत बांधली तर तिला पाणी निघण्याची भोके आणि मागे दगडगोट्यांचा निचऱ्याचा थर हवाच. कोकणात एका ठिकाणी मी पाहिलेली भिंत दिसायला किल्ल्यासारखी होती, पण मालकाला भोकांतून गळणारे लाल पाणी आवडले नाही म्हणून ती बुजवण्यात आली होती. सप्टेंबरपर्यंत भिंतीला गरोदर बाईसारखे पोट आले. शिवाय होमस्टे म्हटले की चार न्हाणीघरे आली आणि त्यांचा शोषखड्डा आला. शोषखड्डा म्हणजे बाराही महिने डोंगराच्या पोटात पाणी सोडण्याची सोय, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

एक सोपी गोष्ट सुचवतो. पोलादपूरला जाण्यापूर्वी एकदा खंडवा रस्त्याने सिमरोलच्या पुढे भेरूघाटात उतरून कापलेल्या भिंतीकडे नीट पाहा. तेथे आणि सह्याद्रीत पाषाण एकाच जातीचा आहे, दख्खनचा काळा बेसाल्ट. लाव्ह्याचे थर एकावर एक, कोठे दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा, आणि पावसाळ्यात त्याच सांध्यातून झिरपणारे पाणी. हे एकदा डोळ्यांत बसले की गावच्या जमिनीच्या मागे काय शोधायचे, ते कोणी सांगावे लागत नाही.

स्नेहलतागंज

मला या चर्चेत एक वेगळी बाजू मांडायची आहे आणि ती कोणाला रुचली नाही तरी चालेल. नकाशावर एखादा भाग लाल दाखवला की बँका कर्ज देताना नाक मुरडतात, जमिनीचे भाव पडतात आणि ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची घरे तेथे आहेत त्यांना विकायला गिऱ्हाईक मिळत नाही. दुसरीकडे, ज्याची ओळख आहे त्याचे रिसॉर्ट त्याच लाल पट्ट्यात उभे राहते. मग नकाशाचा जाच फक्त गरिबालाच का व्हावा?

आणि नकाशे-याद्या चुकतातही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड आली. ती ठाकर समाजाची वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे त्या वेळी विधिमंडळातच सांगण्यात आले. यादीत नाव नाही म्हणून तेथले लोक निर्धास्त झोपले असतील, तर त्या यादीचा उपयोग झाला की अपाय? पुतण्याचा डोंगर त्याला जितका ठाऊक आहे, तितका इंदुरात बसून संगणकावर पाहणाऱ्याला नक्कीच नाही.

रामबागची लेक

माझे माहेर महाड तालुक्यातले आहे. वरील शेवटच्या वाक्याशी मी अर्धी सहमत आहे, म्हणून लिहिते.

गावातल्या माणसांना डोंगर ठाऊक असतो हे खरे, पण कोणाला काय ठाऊक आहे ते विचारावे लागते. जुलै २००५ मध्ये आमच्या तालुक्यात जुई, दासगाव अशा गावांवर दरडी आल्या, तेव्हा मी लग्न होऊन इंदूरला आले होते. पुढे माहेरी गेले असता आमच्या वाडीतल्या एका आजीने सांगितले की, वरच्या झऱ्याचे पाणी त्या पावसात दोन दिवस आधी गढूळ झाले होते आणि तिने ते सुनेजवळ बोलूनही दाखवले होते. पाणी भरण्याचे काम बायकांचे असल्यामुळे झरा कोठे नवा फुटला, कोणता आटला, कोणाचा रंग बदलला, हे त्यांना आधी कळते. सर्वेक्षणाला आलेले साहेब मात्र सरपंच आणि पोलीस पाटील यांच्याशी बोलून जातात.

खडकवाचक काकांनी जुन्या दरडींच्या नोंदीचा उल्लेख केला. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी घसरलेल्या जागेवर आता दाट झाडी असते आणि उपग्रहाला ती साधे रान म्हणून दिसते, असे मला वाटते. चुकत असेन तर त्यांनी सांगावे. अशा जागा जुन्या माणसांच्या बोलण्यातूनच सापडतील. सुदामानगरकर काकांनी पुतण्याबरोबर गावातल्या दोन-तीन वृद्ध बायकांनाही फोन लावावा.

खडकवाचक (इंदूर)

ताई, आपण अजिबात चुकत नाही. जुन्या घसरणीवर झाडी वाढली की वरून ती ओळखणे अवघड जाते. जमिनीवर मात्र कमरेत वाकलेली झाडे, मध्येच खोलगट झालेला उतार आणि त्याखाली फुगवटा, अशा खुणा राहतात. नोंद अपुरी असेल तर तिच्यावरून काढलेली वजनेही अपुरीच निघतात, आणि नकाशात हा दोष दिसून येत नाही.

स्नेहलतागंज यांच्या आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे, दुसरा नाही. इरशाळवाडीच्या उदाहरणावरून नकाशे नकोत असे ठरत नाही. गावांच्या नावांची यादी ही नकाशाची जागा घेऊ शकत नाही, एवढे मात्र ठरते. दरड महसुली गावाची हद्द पाहून येत नाही. यादीत गाव असते आणि धोका त्या गावाच्या एका वाडीला असतो, किंवा गाव यादीत नसते आणि वरच्या अंगाची एकटी वाडी कड्याच्या तोंडाशी असते.

नकाशा कागदावर राहिला तर काय होते, हे जोशीमठात दिसले. ते नगर जुन्या भूस्खलनाच्या राशीवर वसले आहे, तेथे अवजड बांधकाम करू नये, स्फोट करू नयेत आणि पायथ्याचे मोठे दगड हलवू नयेत, असे मिश्रा समितीने १९७६ मध्ये लिहून ठेवले होते. जानेवारी २०२३ मध्ये शेकडो घरांना भेगा पडल्यावर तो अहवाल सर्वांना आठवला. याउलट हाँगकाँगमध्ये १९७२ सालच्या जूनमध्ये एकाच दिवशी दोन दरडींत १३८ माणसे गेली, १९७६ मध्ये पुन्हा तशीच घटना घडली, आणि १९७७ मध्ये तेथील सरकारने उतारांवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र कार्यालयच स्थापन केले. उताराचे कापकाम आणि संरक्षक भिंती यांचे आराखडे त्याच्या तपासणीतून जाऊ लागले. आपल्याकडे तमिळनाडूने १९९० पासून डोंगरी भागांसाठी वेगळे प्राधिकरण ठेवले आहे. तेव्हा प्रश्न रंगांचा कमी आणि तो रंग बांधकाम परवान्याच्या कागदावर कोणत्या रकान्यात उतरतो, याचा अधिक आहे. गरिबाला जाच आणि धनिकाला सवलत, ही तक्रार त्या रकान्याविषयी करायला हवी.

महाराष्ट्रात नगररचनेच्या नियमांतून १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम न करण्याचे बंधन ओळखीचे आहे. १:५ म्हणजे साधारण अकरा अंश. हे बंधन चांगलेच आहे, पण ते प्लॉटचा स्वतःचा उतार मोजते. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावात १५१ माणसे गाडली गेली ती वरून आलेल्या राशीखाली. पुढे २०१७ मध्ये नव्या जागी वसवलेल्या माळीणमध्येही पहिल्याच पावसात भराव खचले आणि रस्ते उखडले. म्हणजे सुरक्षित म्हणून निवडलेल्या जागेवरसुद्धा कापाकापी आणि भराव यांचा प्रश्न उरतोच. महूच्या कंत्राटदारांनी वर जे लिहिले आहे, त्याला याहून मोठा दाखला मला सुचत नाही.

सुदामानगरकर (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पुतण्याशी तासभर बोललो आणि पेन्सिलीच्या ठिपक्याचा हिशेब त्याला समजावला. तो थोडा रागावला, परंतु आज सकाळी स्वतःच डोंगरावर जाऊन त्याने छायाचित्रे पाठवली. आमच्या बांधापासून साधारण ऐंशी पावले वर जमिनीत आडवी, वीतभर रुंद भेग आहे आणि तिच्या खालची दोन सागाची झाडे खालच्या बाजूला कलली आहेत. भेग गुरे जाऊन पडलेली असेल, असे तो म्हणतो. ताईंच्या सांगण्यावरून मी तेथील एका मावशींनाही फोन केला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे आमच्या जमिनीच्या कोपऱ्यात पूर्वी पावसाळी झरा होता आणि पुतण्याच्या वडिलांनी तो दगडमाती टाकून बुजवला.

तूर्त पैसे पाठवायचे थांबवले आहे. गावातच, रस्त्याच्या पलीकडे, डोंगराच्या सोंडेवर आमच्या चुलत्यांची पाच गुंठे पडीक जागा आहे. तिच्या वर चढ नाही, पण तेथून नदी दिसत नाही म्हणून पुतण्याला ती नको आहे. भूवैज्ञानिकाला बोलवायचे झाल्यास दोन्ही जागा एकाच फेरीत दाखवाव्यात का, आणि त्या भेगेचे आत्ताच काही करावे का?

महूचा कंत्राटदार

दोन्ही जागा दाखवा. एका फेरीचा खर्च तेवढाच येतो. सोंडेवरची जागा मला आत्ताच अधिक आवडते, नदी दिसो वा न दिसो. तिच्या दोन्ही कडा मात्र तपासून घ्या.

भेगेविषयी: भेग डोंगराला आडवी आहे आणि तिच्या खालची झाडेही कलली आहेत, म्हणजे ती नुसत्या गुरांच्या वाटेने पडल्यासारखी वाटत नाही. दोन्ही काठांवर एकेक खुंटी पक्की ठोकून त्यांच्यामधले अंतर टेपने मोजायला पुतण्याला सांगा, आणि दर आठवड्याला, पावसात दररोज, तारखेसह वहीत लिहायला सांगा. पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून भेग चिकणमातीने ठोकून बुजवावी, पण खुंट्या बसवून पहिले माप घेतल्यानंतरच. अंतर वाढताना दिसले तर भूवैज्ञानिकाची वाट पाहू नका. त्या उताराखाली ज्यांची घरे आहेत त्यांना आणि तहसील कार्यालयाला त्याच दिवशी कळवा. बुजवलेला झरा मात्र या उन्हाळ्यातच उकरून मोकळा करा.

खडकवाचक (इंदूर)

त्यात एवढीच भर घालतो की, भेगेची दोन्ही टोके कोठवर जातात ते गवत बाजूला करून पाहावे. ती टोकांशी खाली वळून धनुष्यासारखी झाली असेल, तर छायाचित्र आणि पावलांत मोजलेली लांबी मला येथेच कळवा.